सोडा, साधा

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणतात. आमच्याकडे घोडं व्याह्यांनी नाही, थेट जावयाने धाडलं, आणि तेही फोनमधून. त्याचं नाव 'सुपान'. सु-पान, म्हणजे चांगलं वाढलेलं पान, असं सिद्धांतरावांनी मला सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं समजावून सांगितलं. मी आधी सोपान ऐकलं होतं. मला वाटलं पथ्यपाणी बघायला सोपान नावाचा कोणी माणूस घरी येणार आहे, म्हणून मी चहाचं आधणही ठेवलं होतं. माणूस आला असता तर फार बरं झालं असतं. त्याला चार शब्द सुनावून जिन्यावरून खाली तरी पाठवता आलं असतं.

हा सुपान सिद्धांतरावांच्याच कंपनीचा. आमच्या उर्वीचे हे यजमान तिथे मोठ्या जागेवर आहेत. नेमके कोण आहेत ते मला सांगता येत नाही, कारण त्यांच्या हुद्द्यात तीन इंग्रजी शब्द आहेत आणि तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. परळला गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये राहतात आणि गिरगावात आमच्याकडे आले की 'वॉव, काय हाय सीलिंग आहे' असं दर वेळी नव्याने म्हणतात.

सुपान आला तो आमच्या ह्यांच्या ब्लडप्रेशरसाठी. हे, म्हणजे कमलाकांत, विमा कंपनीतून निवृत्त झालेले, स्वभावाने गरीब आणि जिभेने श्रीमंत. डॉक्टर दर्शनाने गोळी दिली होती आणि मीठ कमी करायला सांगितलं होतं. पापड, लोणचं, वेफर, खारवलेलं काहीही बंद. हे त्यांना माझ्या तोंडून पटत नव्हतं आणि डॉक्टरांच्या तोंडून अर्धवट पटलं होतं. जावयाच्या फोनमधून आलं तेव्हा मात्र एकदम वेदवाक्य झालं.

त्याला कारण होतं. गेल्या वर्षी उर्वी एक मोठी बॅग घेऊन आमच्याकडे आली आणि महिनाभर राहिली. काय झालं ते तिने धड सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही असं नाही. मी तर रोज विचारत होते. मग एका रविवारी सिद्धांतराव आले, दोघं चौपाटीवर जाऊन आले आणि संध्याकाळी बॅग परत गेली. त्या दिवसापासून ह्यांनी जावयाच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. सिद्धांतरावांनी उद्या सांगितलं असतं की बाबा, उलटे चाला, तर हे ठाकूरद्वारच्या नाक्यापर्यंत उलटे चालत गेले असते.

तर सुपानाचं काम असं. जेवण झालं की फोनशी बोलायचं. काय खाल्लं ते सांगायचं. फोनमधली बाई मग हिशेब करते आणि पान दाखवते. हिरवं पान म्हणजे उत्तम, पिवळं म्हणजे जपून, लाल म्हणजे तुमची काही खैर नाही. ती बाई मराठी बोलते म्हणे. 'आपण काय सेवन केलेत?' असं विचारते. सेवन औषधाचं करतात, नाहीतर सकाळच्या वाऱ्याचं. आमटीभाताचं सेवन करणारी मंडळी मी तरी पाहिलेली नाहीत.

पहिले काही दिवस नुसती पिवळी पानगळ. अळूवडीला पिवळं. मेथीच्या भाजीला पिवळं. मी केलेल्या अळणी वरणाला तर लाल, कारण त्या बाईला वाटलं की वरण म्हटलं की त्यात वाडगाभर तूप असणारच. हे बिचारे तोंड पाडून बसायचे. शाळेत उशिरा आल्यामुळे बाकावर उभं केलेल्या मुलासारखा चेहरा. मला दया यायची आणि रागही यायचा. नवरा सत्तरीला आल्यावर त्याला प्रगतिपुस्तक आणून देणारा जावई मिळायलासुद्धा नशीब लागतं.

मग एके दिवशी मी सोड्याची खिचडी केली. सोडे म्हणजे काय ते घाटावरच्या मंडळींसाठी सांगते. कोलंबी सोलायची, मीठ चोळायचं आणि उन्हात कडक वाळवायची. ते सोडे. आमच्याकडे सोडे घरात नसले तर घरात काही नाही असं धरतात. मी ह्यांना म्हटलं, "हे विचारा तुमच्या सोपानाला. तो लाल पान दाखवेल, मग मी डबा वर माळ्यावर टाकते." ह्यांनी पोटभर खाल्लं, फोन घेऊन गॅलरीत गेले, मागे दार लोटलं आणि थोड्या वेळाने आले ते फोन नाचवतच. हिरवं पान! टवटवीत, देठासकट.

मी चकित झाले. मेथीला पिवळं आणि सोड्याला हिरवं? पण म्हटलं, चला, एवढी एक गोष्ट तरी त्या मेल्याला कळते. कोणी सांगावं, बनवणाऱ्यांत एखादा गिरगावकर असेल. सुपानाविषयी मला आदर वाटला असेल तर तो त्या एका दुपारी.

मग काय! बुधवारी वांग्यात सोडे, शुक्रवारी सोड्यांचं कालवण, रविवारी खिचडी. चिराबाजारातली आमची कोळीण मला लांबून हाका मारायला लागली. आणि इकडे हिरवी पानं पडू लागली. हे हिरवे, सुपान हिरवा, सिद्धांतराव तर आनंदाने हिरवेगार. सगळ्या मुंबईत म्हणे इतकी सलग हिरवी पानं कोणाचीच नव्हती. कंपनीने लोअर परळच्या एका हॉटेलात समारंभ केला. ह्यांना शाल दिली, मागच्या पडद्यावर ह्यांचा हा भला मोठा फोटो लावला आणि खाली लिहिलं, 'हिरवे आजोबा'. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. ह्यांच्याबरोबर फोटो काढायला रांग लागली. त्या अख्ख्या हॉटेलात एका माणसाने ह्यांचं ब्लडप्रेशर किती आहे हे विचारलं नाही.

ते एकशे सत्तर होतं. पथ्य सुरू करायच्या आधी एकशे साठ होतं.

डॉक्टर दर्शनाकडे गेलो. हुशार मुलगी आहे, पण तिलाही फोनचं वेड. सिद्धांतरावांनी सुपानाचा अहवाल तिच्याकडे थेट पाठवून दिला होता. तो बघून ती म्हणाली, "काका, तुमच्या पोटात माझ्यापेक्षा कमी मीठ जातंय. तरी प्रेशर वर कसं?" तिने दुसरी गोळी दिली. मग तिसरी. तिसऱ्या गोळीने ह्यांना चक्कर यायला लागली. जिना उतरताना भिंत धरून उतरायचे, आणि मी पुढे एक पायरी चालायचे, पडले तर माझ्यावर पडावेत म्हणून. प्रेशर होतं तिथेच.

मग ती काळजीत पडली. मीठ नाही, गोळ्या तीन आणि तरी प्रेशर चढं, म्हणजे कारण आत कुठेतरी आहे, असं ती म्हणाली. रक्त तपासलं, लघवी तपासली, मूत्रपिंडाची सोनोग्राफी केली. सोनोग्राफीत काही धड दिसलं नाही, पण काही नाही असंही कोणी म्हणेना. मग ठरलं, जांघेतून नळी घालून मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या बघायच्या. त्यात रंग सोडतात. ह्या वयात तो रंग मूत्रपिंडालाच बाधू शकतो, हेही तिने स्पष्ट सांगितलं. दुसरा इलाज दिसत नाही, म्हणाली.

ह्यांना रक्त द्यायचं म्हटलं तरी घाम फुटतो. सुई बघायला नको म्हणून भिंतीकडे तोंड करून माझा हात धरतात. त्या माणसाने नळीचं ऐकलं आणि 'बरं' म्हटलं. नुसतं 'बरं'. मला वाटलं, घाबरून बधिर झालेत. रोज देवाजवळ बसून मी रडत होते आणि रडून झालं की ह्यांना दरडावत होते, कारण मला दुसरं काही येत नाही.

दाखल व्हायचं त्याच्या आदल्या दिवशी दुपारी जेवणं झाली. शुक्रवार होता. उद्या ह्यांना धड काही खाता येईल न येईल म्हणून मी मुद्दाम सोड्यांचं कालवण केलं होतं. हे फोन घेऊन गॅलरीत गेले. रेंज तिथेच येते, असं सांगायचे. मी दोरीवरचे टॉवेल काढायला मागून गेले, दार नुसतं लोटलेलं होतं.

फोनमधली बाई विचारत होती, "आपण काय सेवन केलेत?"

हे म्हणाले, "भात. सोड्यांचं कालवण."

"भात. सोडा," बाई म्हणाली. "सोडा साधा की गोड?"

आणि आमचे हे, लग्नाला पंचेचाळीस वर्षं होत आली तरी ज्यांनी मला साधं भाजीचं खोटं बिल सांगितलेलं नाही, ते आवाज खाली आणून म्हणाले, "साधा."

"छान! आपले पान हिरवे आहे."

टॉवेल माझ्या हातातून खाली चौकात पडला. तो अजून मी आणलेला नाही, गेला तर जाऊ दे.

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही सोडा कधी प्यायलात?"

हे दचकले. फोन छातीशी धरला, जणू मी तो हिसकावून घेणार होते. मी घेणारच होते.

"सुमती, ओरडू नकोस. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! अख्खी मुंबई टाळ्या वाजवून गेली, शेजाऱ्यांचं काय घेऊन बसलात? केव्हापासून चाललंय हे?"

"पहिल्याच दिवसापासून," हे म्हणाले. "मी खोटं बोललो नाही गं. मी सोड्याची खिचडी म्हणालो. तिने सोडा लिहिलं. साधा की गोड विचारलं. मला वाटलं, आता हिला कुठे समजावत बसायचं. हिरवं पान आलं. मला वाटलं, देव पावला."

"आणि प्रेशर? ते कोणाला पावलं?"

मीठ चोळून वाळवलेली कोलंबी आठवड्यातून तीनदा पोटात, आणि कागदावर साधं सोडावॉटर. मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांना काय धाड भरली होती? त्या बिचाऱ्या आपलं काम करत होत्या. पण मला खरी चीड आली ती पुढच्या विचाराने. खिचडीसाठी माणूस थापा मारेल हे मी समजू शकते. आमच्या घराण्यात सोड्यासाठी भावाभावांनी अबोला धरलाय. पण नळी?

"सोनोग्राफी झाली तेव्हा का नाही बोललात? नळी ठरली तेव्हा? उद्या मांडीत भोक पाडणार होते तुमच्या!"

हे खाली बसले. गॅलरीत, फरशीवर, सत्तरीचा माणूस.

"कोणत्या तोंडाने सांगू?" ते म्हणाले. "त्यांनी माझा फोटो लावला. शाल दिली. त्यांच्या साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, सिद्धांतचे सासरे म्हणून. आता मी म्हणू, ते सगळं खोटं होतं? त्यांची नोकरी जाईल. नाही गेली तरी मान खाली जाईल. आणि मग राग कोणावर निघेल, सुमती? उर्वीवरच ना? पुन्हा बॅग घेऊन आली तर?" मग म्हणाले, "एका नळीने तिचं घर राहत असेल तर जाऊ दे ना."

मला हसावं की रडावं कळेना. आधी मी त्यांना बरंच बोलले. ते इथे लिहीत नाही. मग रडले. मग उठून डॉक्टर दर्शनाला फोन लावला. हे हात जोडत होते तरी लावला.

सगळं ऐकून ती म्हणाली, "काकू, मी सीकेपी आहे."

"मग?"

"मग काय! आमच्याकडे बारशालासुद्धा सोडे लागतात. आणि त्या रिपोर्टमध्ये दर दोन दिवसांनी सोडा बघून मला वाटलं, काकांना गॅसेस होत असतील." तिला स्वतःचाच राग आला होता, आवाजात कळत होतं. "उद्या येऊ नका. सोडे बंद, म्हणजे बंद. एक गोळी कमी करते, काकांना चक्कर येतेय ना. पंधरा दिवसांनी बघू. आणि काकू, इथून पुढे काय जेवले ते तुम्ही मला सांगायचं, तुमच्या तोंडाने."

संध्याकाळी उर्वी आणि सिद्धांतराव आले, हॉस्पिटलचं सामान न्यायला. उर्वीचे डोळे सुजलेले होते. वाटभर रडत आली असणार. सिद्धांतराव गाडी कुठे लावायची ह्या विवंचनेत होते. हे मला खुणावत होते, बोलू नकोस, बोलू नकोस. आपलेच दात आणि आपलेच ओठ हे मलाही कळतं. पण पोरीला रात्रभर बापाच्या काळजीत ठेवायला मी काही सुपान नाही.

"उद्या जायचं नाही," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. सोडे, सोडा, साधा, हिरवं पान.

उर्वी बापाकडे बघतच राहिली. हे घाईघाईने म्हणाले, "सिद्धांतराव, चूक माझी आहे. तुमच्या सुपानाचा काही दोष नाही. मीच दुरुस्त करायला हवं होतं. तुमच्या ऑफिसात मी स्वतः येऊन सांगतो हवं तर. उर्वीला ह्यातलं काही माहीत नव्हतं."

माझ्या नवऱ्याने आयुष्यात वरिष्ठांसमोरसुद्धा इतकी मान खाली घातली नसेल. मला बघवेना.

आणि सिद्धांतराव हसले. मोकळेपणाने, गोड हसले. "अहो बाबा, त्यात सॉरी काय? ते आम्हाला माहीत आहे. तो नोन इश्यू आहे."

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे आधीपासून माहीत असलेली चूक, आई. सोडे म्हटलं की सोडा घेतो. टेस्टिंगमध्येच लक्षात आलं होतं. लिस्टवर आहे, पण लो प्रायॉरिटी. सोडे खाणारे युजर्स असे किती?"

"आधीपासून?" उर्वी म्हणाली. "बाबाची सोनोग्राफी झाली तेव्हा तुला माहीत होतं?"

"अगं, पण बाबा खरंच सोडा पीत नाहीत हे मला कसं कळणार?"

इथे माझा तोल गेला. "का कळणार नाही? दर रविवारी ह्या टेबलावर बसून खिचडी कोणी खाल्ली? दुसऱ्यांदा वाढून कोणी घेतली? 'आई, ती खालची करपलेली पण द्या' कोण म्हणालं? तुमच्या पानात ते सोडे होते आणि ह्यांच्या पानात पडल्यावर त्यांचं सोडावॉटर झालं?"

सिद्धांतराव जरा गोंधळले. लाजले म्हणता येणार नाही. "मला वाटलं, बाबा एन्जॉय करतायत. आणि मेडिकल साइड डॉक्टर बघतायत ना. खरं सांगायचं तर आई, बाबांचा ग्राफ इतका सुंदर होता..." उर्वीचा चेहरा बघून ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. "मी उद्याच फिक्स करायला लावतो," ते म्हणाले.

उर्वी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती, मग बसली. आमचे हे मात्र सिद्धांतरावांकडे बघत होते. डोळे बारीक करून, विमा कंपनीत एखाद्याचा दावा तपासताना बघत असतील तसे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रागावायला यायला हवं, ते त्यांना कधी आलंच नाही.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ते हळू म्हणाले. "नळी ठरली तेव्हाही माहीत होतं."

सिद्धांतरावांनी मान हलवली, हो आणि नाही यांच्या मधली.

"मग मी कोणासाठी गप्प बसलो होतो?"

सिद्धांतराव माझ्याकडे बघायला लागले, जणू हे मला विचारलंय. माझ्याकडे उत्तर होतं. चांगलं लांबलचक, ऐकणाऱ्याची झोप उडेल असं उत्तर होतं, आणि इतका वेळ मी ज्याची वाट बघत होते तो क्षण हाच होता. पण समोर उर्वी बसली होती. ती बापाकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत एवढंच होतं की आई, आत्ता नको. मी तोंड मिटलं आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेले.